गोडं पाणी

माशांच्या टाकीला पंचवीस लिटरचा कॅन नऊ दिवस पुरायचा. ऊन फार तापलं तर आठ. म्हणून त्या मंगळवारी, दोनच दिवसांपूर्वी काठोकाठ भरलेला कॅन पायाने ढकलताच सहज सरकला, तेव्हा ग्वात लानने आधी स्वतःच्या आठवणीवरच संशय घेतला. वय सत्त्याहत्तर. या वयात माणूस न भरलेला कॅन भरला म्हणूही शकतो. तिने तो पुन्हा भरला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानावर पेन्सिलीने फुली मारली. गुरुवारी सकाळी कॅन परत रिकामा, आणि तळाशी ती छोटी मोटर कोरडीच घरघरत होती.

काचेची टाकी हॉलमध्ये होती, तीन फूट लांब. आत खारं पाणी, दोन दगड, त्यांवर पोवळी, आणि नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली माशांची एक जोडी. टाकी केंग होची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. खाऱ्या पाण्याच्या टाकीचं एक असतं. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून उडालं तेवढं गोडं पाणी रोज घालावं लागतं, कमी नाही की जास्त नाही. केंग हो रोज सकाळी कॉफीच्या आधी ते स्वतः घालायचा, पेल्याने, थेंब न सांडता. आठ महिन्यांपूर्वी त्याचं उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. ग्वात लानच्या गुडघ्यांना स्टुलावर चढणं जमेना. तेव्हा त्याच्या मित्राने, रमलीने, ही सोय करून दिली. काचेच्या मागच्या बाजूला अंगठ्याएवढा पांढरा तरंगता गोळा, संडासाच्या टाकीत असतो तसा. पाणी उतरलं की गोळा उतरतो, कॅनमधली मोटर सुरू होते. पाणी चढलं की गोळा चढतो, मोटर बंद. माणसाचं कामच नाही.

मागच्या खोलीचं दार ती कायम उघडं ठेवी. पलंगावरून केंग होला टाकी दिसत असे. तो दिवसभर तिकडेच बघत राही.

रमलीचं शोभेच्या माशांचं दुकान बाजाराच्या मागे होतं. केंग हो होडी चालवायचा त्या दिवसांत तो रमलीला खडकांतले छोटे मासे पकडून आणून द्यायचा. तेव्हापासूनची दोघांची ओळख. रमली साठीचा, पोट सुटलेला. लिफ्टने सतराव्या मजल्यावर आला तरी धापा टाकत आला.

"लिफ्ट बंद आहे का रे?"

"चालू आहे, आँटी. मी आत शिरलो की तिलाच दम लागतो, तिला सोबत म्हणून मीही टाकतो." त्याने आत डोकावून हात केला. "काय केंग हो, मासे पाणी प्यायला लागले म्हणे तुझे!"

"तुझ्या दुकानातले पीत असतील," ती म्हणाली. "आमचे चांगल्या घरचे आहेत."

केंग होच्या तोंडाची डावी कड किंचित हलली. तेवढंच हसू आता उरलं होतं.

रमलीने सगळं नीट पाहिलं. टाकीखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही ते खडखडीत कोरडं, म्हणजे गळती नव्हती. मग त्याला दिसलं की नळीचं टोक पाण्यात बुडलेलं आहे. मोटर थांबली तरी अशी नळी पाणी ओढत राहते, असं म्हणून त्याने टोक वर बांधलं. फरक पडला नाही. तिसऱ्या खेपेला तरंगत्या गोळ्याखालून त्याने तांदळाच्या दाण्याएवढी गोगलगाय काढली आणि तळहातावर घेऊन नाचवली.

"हा बघा चोर! बसला होता गोळा अडवून."

त्या आनंदात दोघांनी कॉफी घेतली, बिस्किटं खाल्ली. तीन दिवसांनी कॅन रिकामा झाला.

त्याने गोळा नवा बसवला. मग वैतागून भिंतीतला प्लगच काढून ठेवला. "आता बघू कसं जातं."

प्लग काढलेला असताना, मोटर बंद असताना, दुपारच्या जेवणाआधी पाणी चार बोटं खाली उतरलं. आणि दिवेलागणीला होतं तिथे परत आलं.

तिने रमलीला फोनवर सांगितलं.

"आँटी, तुम्हीच ओतलंत. विसरलात."

"मी विसरले असेन. पण स्टुलावर चढून चार बोटं पाणी चढवलं असतं, तर माझे गुडघे विसरले नसते."

मग तो येऊन काचेवर कागदी पट्टी चिकटवून गेला. पट्टीवर पेनाने रेघा मारल्या आणि तिला काम दिलं. पाणी दिवसा सगळ्यात वर असेल ती वेळ रोज लिहून ठेवायची. तिने ती कॅलेंडरच्या पानांवर लिहिली. रोज एक पान फाडायचं असतं तसलं कॅलेंडर. वर मोठा इंग्रजी आकडा, खाली कोपऱ्यात बारीक लाल चांद्रतिथी, पहिल्यापासून तिसाव्यापर्यंत सलग. चौथीला लिहिलं, सव्वादोन. पंचमीला तीन. षष्ठीला पावणेचार.

तिसरं पान लिहून झाल्यावर पेन्सिल तशीच हातात धरून ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली. खाली सामुद्रधुनी, पलीकडचा किनारा, आणि मधे फेरीबोट. अलीकडे, जिथे गाड्या लावायची जागा आहे, तिथे पूर्वी त्यांची जेटी होती. एका कुळाची चाळीस घरं, सगळी पाण्यात रोवलेल्या खांबांवर. फळ्यांच्या फटींतून खालचं पाणी दिसायचं. लग्न होऊन ती तिथे आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पहिले काही दिवस फळीवर पाऊल टाकायला घाबरायची, आणि केंग हो तिच्यापुढे मुद्दाम उड्या मारत चालायचा. पाणी असलं की घराखाली चुबुक चुबुक आवाज, नसलं की चिखलाचा वास आणि खेकड्यांची कुजबुज. सासऱ्यांनी तिला पहिल्याच आठवड्यात बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवलं होतं. पहिल्या तिथीला आणि पंधराव्या तिथीला भरती बारा वाजता. मग दर दिवशी पाऊण तास पुढे. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. "घड्याळ बिघडेल पोरी, हे नाही बिघडणार."

जेटी पाडली त्याला वीस वर्षं होऊन गेली. ती पेरं तिने त्यानंतर कधी मोजली नव्हती. आता अंगठा आपोआप फिरला. उद्या सप्तमी. साडेचार.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारपासून ती टाकीपुढे खुर्ची टाकून बसली. पाणी रेघेरेघेने चढत होतं, इतकं सावकाश की डोळ्याला कळू नये. साडेचारला ते थांबलं. थोडा वेळ तसंच राहिलं. मग पट्टीवरची ओली कड हळूहळू पाण्याच्या वर दिसायला लागली.

ती घाबरली नाही. खरं सांगायचं तर तिला आधी बरंच वाटलं. ओळखीचं कुणीतरी दारात उभं राहावं तसं.

अष्टमीला रमली सकाळी अकराला आला. ती ऐन ओहोटीची वेळ. तिने त्याला आधीच सांगून ठेवायला हवं होतं, पण ते तिला सुचलं नाही. जेटीवरच्या माणसाला जे सांगावं लागत नाही, ते बाहेरच्याला सांगायचं राहून जातं. घरात आजारी माणूस असताना पाणी गेलं, असं जेटीवर कुणी म्हणत नसे. ओसरलं, आटलं, हेही नाही. पाणी बसलं, म्हणायचं. पाणी बसलं, आता उठेल. कारण माणसं ओहोटीला जात. तिच्या सासूबाई ओहोटीला गेल्या, सासरेही, शेजारची दोन पोरंही. म्हणून त्या वेळी आजाऱ्याच्या खोलीत तो शब्द फिरकू द्यायचा नाही. पोरंसोरंही जपत.

रमलीने काचेवरची पट्टी पाहिली आणि मोठ्याने ओरडला, "अरे गेलं की हो पाणी! सगळं गेलं!"

आतून पलंग करकरला. केंग होने मान वळवली होती. आठ महिन्यांत स्वतःहून पहिल्यांदा. टाकीकडे नाही, खिडकीकडे.

"हळू," ती म्हणाली. "हळू बोल. तो शब्द नको."

"कुठला शब्द?"

तिने आत जाऊन नवऱ्याच्या पायाला हात लावला. पाय घोट्यापर्यंत गार होते.

त्या दिवसापासून तिने दुसरी नोंद सुरू केली, डोक्यातल्या डोक्यात. पाणी उतरायला लागलं की त्याचे पाय गार पडत. मग पोटऱ्या. दोन श्वासांमधलं अंतर वाढे, त्या वेळी पेजेचा घासही तो गिळत नसे. पाणी चढलं की अंग कोमट होई आणि तो अर्धी वाटी पेज खाई. अजून भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस होते, पाणी थोडंच हले. पण पट्टीवरचा उतार दिवसागणिक वाढत होता, कारण चांद्रवर्षाचा आठवा महिना होता आणि पौर्णिमा जवळ येत होती. वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. दहाव्या तिथीला गारवा गुडघ्यापर्यंत आला. तिने पेरं मोजली. सोळाव्या तिथीला तो कुठवर येईल, ते मोजायची गरज नव्हती.

तिने रमलीला बोलावून घेतलं.

"पाणी खाली येऊ द्यायचं नाही. एक रेघही नाही. मोठा ड्रम लाव, दोन मोटरी लाव."

"आँटी, गोडं पाणी इतकं ओतलंत तर मीठ राहणार नाही आत. मासे मरतील."

"मरू देत."

रमली तिच्याकडे बघत राहिला. त्या माशांना केंग होने नावं दिली होती, हे त्याला ठाऊक होतं. त्याने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "मला यातलं काही समजत नाही. पण लावतो."

साठ लिटरचा निळा ड्रम आला. दोन मोटरी लागल्या. अकराव्या तिथीला ओहोटीच्या वेळी त्या थांबून थांबून चालत राहिल्या आणि पाणी वरच्या रेघेवरून हललं नाही. सहा तासांनी भरती आली तेव्हा जास्तीचं पाणी काठावरून सांडलं. ते तिने फडक्याने टिपलं. फडक्याला चिखलाचा वास होता.

केंग होचे पाय दिवसभर ऊबदार राहिले. संध्याकाळी त्याने पूर्ण वाटी पेज खाल्ली. ती त्याच्या उशाशी बसून, जेटीवर कोण कुणाशी कसं भांडलं होतं, त्याच्या जुन्या गोष्टी सांगत राहिली आणि तोंडाची डावी कड दोनदा हलली.

असे तीन दिवस गेले. चांगले तीन दिवस. चौदाव्या तिथीला पुष्पम नर्स आली. ती आठवड्यातून दोनदा यायची, सुई टोचायची, अंथरूण बदलायची आणि केंग होला दटावायची.

"अंकल, दाढी वाढवून कुणाला दाखवायचीय? आँटी, हे फार झोपतायत का हो?"

"झोपतो. पण ऊब आहे अंगात."

"परवाच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. मीठ फार उतरलंय. पंधरा दिवसांपूर्वी ठीक होतं. आता डॉक्टर म्हणतायत, इतकं कमी असलं तर माणूस बोलत-हलत नाही, नुसता पडून राहतो. पेजेत मीठ घालता ना?"

"घालते."

"मग जास्त घाला. मी गोळ्या आणते." तिने त्याच्या पापण्या उघडून पाहिल्या. "कुठे जातंय यांच्यातलं मीठ?"

ग्वात लान हॉलमध्ये आली. पोवळ्यांची टोकं पांढरी पडली होती. खारेपणा दाखवणारी, मीठ उतरलं की बुडणारी काचेची नळी रमलीने टाकीत सोडून ठेवली होती. चार दिवसांपूर्वी ती उंच तरंगत होती. आता गळ्यापर्यंत बुडाली होती.

ती टाकीपुढे बराच वेळ बसली. मोटर बंद केली तर ओहोटी त्याला नेणार. चालू ठेवली तर तो असा विरत जाणार. मग तिने रमलीला फोन केला. दुकानात असेल नसेल तेवढं समुद्राचं मीठ घेऊन ये, म्हणाली. ड्रममध्ये आता खारंच पाणी घालायचं.

सोळाव्या तिथीला पावणेएकला भरती पूर्ण झाली. मोटरी एकला सुरू झाल्या आणि मग थांबल्याच नाहीत.

पहिला ड्रम तासाभरात संपला. रमली स्वयंपाकघरातून बादल्या आणत होता, ती मीठ घालून काठीने ढवळत होती. दुसरा ड्रम पाऊण तास टिकला. तिसरा अर्धा तास, चौथा पाव तास. एकशेवीस लिटरच्या टाकीत दोनशेवर लिटर पाणी ओतून झालं होतं. फरशी कोरडी होती. रमली वाकून टाकीखाली हात फिरवून आला, मग हाताकडे बघत राहिला. त्याने एकदाही विनोद केला नव्हता.

साडेतीनला मीठ संपलं.

"दुकानात आहे?"

"सगळं आणलंय, आँटी. बाजारात जाऊन येईपर्यंत—"

पाणी एका रेघेने उतरलं होतं. आतल्या खोलीतून श्वास ऐकू आला आणि पुढचा यायला फार वेळ लागला.

"नळाचं ओत," ती म्हणाली.

"आँटी, नुसतं?"

"ओत रे!"

रमलीने ओतलं.

ड्रम. बादल्या. पुन्हा ड्रम. बाहेरच्या वऱ्हांड्यात कालच्या पौर्णिमेच्या सणाचे उरलेले कागदी कंदील घेऊन मुलं धावत होती. रमली पुटपुटत काहीतरी म्हणत होता, बहुधा देवाचं नाव.

पाचला एक मासा आडवा झाला.

सहाला दुसरा.

तिने तिकडे पाहिलं नाही. ती रेघेकडे बघत होती.

सातला पाच मिनिटं कमी असताना मोटरी बंद पडल्या. आपणहून, गोळा वर चढल्यामुळे. पाणी वरच्या रेघेवर उभं होतं.

ती भिंतीला धरत धरत आत गेली. केंग होचे पाय ऊबदार नव्हते. गारही नव्हते. श्वास चालू होता, एकसारखा, ना लहान ना मोठा.

"राहिला," ती म्हणाली. रमली दारात उभा होता. त्याने मान हलवली.

मध्यरात्रीच्या भरतीची वेळ आली आणि गेली. टाकीत पाणी चढलं नाही. सकाळची ओहोटी आली नाही. दुसऱ्या दिवशी दीडला ती खिडकीत उभी राहिली, तर खाली सामुद्रधुनी तुडुंब होती. मागे टाकीतलं पाणी वरच्या रेघेवर होतं. नारंगी मासे रमलीने वर्तमानपत्रात गुंडाळून नेले. नेताना त्याने तळाला गेलेली काचेची नळी उचलून पाहिली, आणि तशीच खिशात टाकली.

पुढच्या कॅनला नऊ दिवस लागले. त्याच्या पुढच्यालाही नऊ.

"दुरुस्त झालं, आँटी," रमली म्हणाला, तिच्याकडे न बघता. त्यानंतर तो फोनवरच चौकशी करू लागला.

केंग होने त्या संध्याकाळनंतर डोळे मिटले नाहीत. पेज तोंडात घातली तर ती तशीच बाहेर येई. नळीने काही द्यायचं, तर पुष्पम म्हणे, वजन कमीच होत नाहीये, देऊ कशासाठी? रक्ताचा नमुना दवाखान्याने दोनदा परत मागवला. तिसऱ्यांदा पुष्पमने सुई टोचली, नळकांडं उजेडात धरलं, उजेड त्यातून आरपार आला, तसं तिने ते पदराआड करावं तसं घाईने पिशवीत टाकलं आणि हात धुवायला गेली. फार वेळ धुत होती.

ग्वात लानने आता प्लग कायमचा काढून ठेवला होता. पाणी वाफ होऊन दिवसाला एखादी रेघ उतरे, तेवढंच. रोज पेरं मोजून ती त्या त्या वेळी टाकीपुढे बसे. एक भांग गेला. पुढचं उधाण आलं, गेलं. तिने पलंगावर बसून नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. "जायचं असेल तर जा हो," म्हणाली. "मी नाही आता अडवत." छातीवरची चादर एकसारखी वर-खाली होत राहिली. त्याची नजर खिडकीवर होती. तिथून समुद्र दिसत नव्हता, पण चिखलाचा वास येत होता. त्या वासाकडे तो बघत होता, इतकं तिला कळत होतं.

नवव्या महिन्याच्या सोळाव्या तिथीला, संध्याकाळी सातला, त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. एक थेंब, मग दुसरा. ती हरखली. तिने रुमाल शोधला नाही. जेटीवर असताना पोरांचे डोळे पुसायची तसा अंगठ्याने तो थेंब टिपला, आणि का कुणास ठाऊक, जिभेला लावला.

त्याला चव नव्हती. फक्त जरा वेळाने घशात तो वास आला, नळाच्या पाण्यात घालतात त्या औषधाचा.